मे महिन्यातील चार मुक्कामांची बेटाची सहल : लातूरहून कोठे जावे, कसे जावे?

मांजराकाठ

नमस्कार मंडळी. मुलांच्या परीक्षा संपल्यानंतर आणि मृगाच्या पेरणीची धांदल सुरू होण्यापूर्वी आमच्या घराला जी थोडी उसंत मिळते, तिच्यात यंदा समुद्र पाहावा, आणि नुसता किनारा न पाहता चहूबाजूंनी पाणी असलेल्या एखाद्या लहानशा बेटावर पाय ठेवावा, असे घरात ठरले आहे. आईने पैठणची गोदावरी पाहिली आहे, आषाढीला चंद्रभागा ती चुकवत नाही, पण समुद्र तिने अजून डोळ्यांनी पाहिलेला नाही, त्यामुळे ही सहल खरे तर मुलांच्या नावाखाली तिच्यासाठीच आहे.

आमच्या अडचणी आधीच मांडतो. आईचे गुडघे दुखतात, त्यामुळे फार चढउतार जमणार नाही. आई-वडील शाकाहारी आहेत, बाकीच्यांना मासे वर्ज्य नाहीत. गाडी घरची आहे, पण रेल्वेने जाणे सोयीचे असेल तर त्यालाही आमची तयारी आहे. एकूण चार मुक्काम, त्यांत जाण्या-येण्याचे दिवसही आले. एवढ्यात कोणते बेट बसेल, याविषयी जाणकारांनी सविस्तर लिहावे ही विनंती.

दुधनाकाठ

बेटावर राहायचेच असेल तर दीवचा विचार करावा. बाकी बहुतेक बेटांवर आपण दोन तास हिंडून परत येतो, दीव मात्र नांदते गाव आहे. घोघल्याच्या बाजूने पूल असल्यामुळे आईंना होडीत चढण्या-उतरण्याचा त्रास नाही. पोर्तुगीजांनी १५३५ नंतर बांधलेला तेथील किल्ला तीन बाजूंनी समुद्रात घुसलेला आहे आणि १९६१च्या डिसेंबरपर्यंत तेथे पोर्तुगीजांचाच अंमल होता, त्यामुळे गल्ल्या, घरे आणि चर्च यांचा तोंडवळा आपल्याकडे कोठेही दिसत नाही असा आहे. गंगेश्वराला खडकातल्या पाच शिवलिंगांवर भरतीच्या लाटा येऊन अभिषेक करतात. आई भाविक असतील तर तेवढ्यासाठीसुद्धा जावे. शिवाय सोमनाथ त्याच वाटेवर आहे. परळी, औंढा आणि वेरूळ ही तीन ज्योतिर्लिंगे आपल्या उशाशीच आहेत, त्यांत आणखी एकाची भर पडेल.

मांजराकाठ

दुधनाकाठ, सुचवणी मनाला भावली, पण लातूरहून मुंबई, मुंबईहून वेरावळ आणि तेथून पुन्हा रस्त्याने दीव, असा हिशेब घातला तर चारपैकी बहुतेक रात्री गाडीतच जातील. दिवाळीच्या मोठ्या सुट्टीसाठी दीव राखून ठेवतो.

खामनदी

मी छत्रपती संभाजीनगरचा असल्यामुळे माझे मत लेण्यांकडे झुकलेले आहे, हे आधीच सांगून टाकतो. मुंबईला जाणारच असाल तर घारापुरी चुकवू नका. आपल्या वेरूळची एकोणतिसावी लेणी, म्हणजे धुमार लेणे, ज्यांनी नीट पाहिले आहे त्यांना घारापुरीच्या मुख्य लेण्यात शिरल्याबरोबर ओळखीच्या घरात आल्यासारखे वाटते. तीच फुलीसारखी मांडणी, एकाहून अधिक बाजूंनी आत येणारा उजेड, मध्येच उभा असलेला चार दारांचा गाभारा आणि दारांवरचे उंच द्वारपाल. पोर्तुगीजांच्या काळात येथील मूर्तींची फार मोडतोड झाली, तरीही त्रिमुखी सदाशिवासमोर उभे राहिल्यावर माणूस बोलायचे विसरतो. १९८७ पासून हे जागतिक वारसास्थळ आहे.

मात्र तीन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. सोमवारी लेणी बंद असतात. रात्री बेटावर राहता येत नाही. आणि धक्क्यापासून लेण्यांपर्यंत शंभराहून अधिक पायऱ्या आहेत, दोन्ही बाजूंना दुकानांच्या रांगा आणि टपून बसलेली माकडे आहेत. आईंच्या गुडघ्यांचा प्रश्न तेथे येईल. डोलीची सोय असते, पण आपल्याकडच्या पुष्कळ बायकांना डोलीत बसायचा संकोच वाटतो, हे मी घरच्या अनुभवावरून लिहितो आहे.

गोदातीर

मी नांदेडचा, सेवानिवृत्त शिक्षक. आमच्याकडची मंडळी देवगिरी एक्सप्रेसने रात्री निघून सकाळी मुंबईत उतरतात, तुम्हाला लातूर–मुंबई एक्सप्रेस तशीच सोयीची आहे. सीएसएमटीवरून टॅक्सीने गेटवेला जावे, तेथून मांडव्याची बोट धरावी, तासाभरात पलीकडचा किनारा येतो. काही कंपन्यांच्या तिकिटातच मांडव्याहून अलिबागपर्यंतची बस धरलेली असते. गाडी सोबत न्यायची असेल तर भाऊच्या धक्क्यावरून मांडव्यापर्यंत २०२० पासून रो-रो सेवा आहे, तिच्यात मोटारीसकट जाता येते. ज्या मुलांनी माजलगाव किंवा विष्णुपुरीच्या जलाशयापलीकडे पाणी पाहिलेले नाही, त्यांच्यासाठी हा तासाभराचा प्रवास हीच निम्मी सहल होते.

अलिबागचा कुलाबा किल्ला म्हणजे किनाऱ्यासमोरचे खडकाळ बेटच. शिवाजी महाराजांनी १६८० मध्ये, आयुष्याच्या अगदी अखेरीस, त्याचे काम सुरू करवले, संभाजी महाराजांच्या काळात ते पुरे झाले आणि पुढे आंग्र्यांनी त्याला आपल्या आरमाराचे मुख्य ठाणे केले. तटाचे प्रचंड चिरे चुन्याशिवाय नुसते एकावर एक रचलेले आहेत, ते जवळ जाऊन पाहावेत. दोन चिऱ्यांमधल्या मोकळ्या फटींत लाटेचा जोर जिरून जातो आणि म्हणूनच तट टिकला, असे त्याचे कारण सांगतात. ओहोटीला येथे पायी जाता येते, गुडघे दुखणाऱ्यांसाठी घोडागाडी असते.

आता मुख्य मुद्दा. आपण मराठवाड्यातली माणसे सहल आखताना आधी हॉटेल, मग रेल्वे आणि शेवटी बाकीचे, अशा क्रमाने जातो. बेटाच्या बाबतीत हा क्रम उलटा करावा लागतो, कारण तेथे घड्याळ आपले चालत नाही, पाण्याचे चालते. भिंतीवरच्या कॅलेंडरात तिथी असतेच. तिथीच्या आकड्याची पाऊणपट करावी, म्हणजे पूर्ण भरतीची साधारण वेळ येते, असा कोकणातला जुना हिशेब आहे. तृतीया असेल तर तीनाची पाऊणपट सव्वादोन, म्हणजे दुपारी आणि पहाटे सव्वादोनच्या सुमारास भरती, आणि तिच्या सहा-सव्वासहा तास पुढेमागे, म्हणजे सकाळी आठ-साडेआठला, पूर्ण ओहोटी. अष्टमीला हाच हिशेब सहावर येतो, म्हणजे ओहोटी भर दुपारी. त्यातही पौर्णिमा-अमावास्येच्या आसपास उधाण असल्यामुळे पाणी जितके वर चढते तितकेच खोलवर मागे हटते, उलट अष्टमीच्या सुमारास भांगाची भरती असते आणि ओहोटीलासुद्धा पाणी पुरते मागे जात नाही. म्हणून कुलाब्याला पायी जायचे तर पौर्णिमेनंतरची किंवा अमावास्येनंतरची द्वितीया ते चतुर्थी हे दिवस उत्तम. ओहोटी खोल मिळते, ती सकाळची असते आणि ऊन डोक्यावर यायच्या आत माणूस परत येतो. हा हिशेब ढोबळ आहे, पंधरा-वीस मिनिटांचा फरक पडतोच, तेव्हा निघण्यापूर्वी किनाऱ्यावरच्या एखाद्या कोळ्याला किंवा घोडागाडीवाल्याला विचारून घ्यावे आणि पाणी वाढू लागल्याचे दिसताच किल्ल्यातून पाय काढावा. ओहोटी संपल्यानंतर आत अडकलेल्या माणसाला पुढचे कित्येक तास तटावर बसून काढावे लागतात.

माहेर_मालवण

माझे माहेर मालवणचे आणि सासर धाराशिवचे, त्यामुळे दोन्हीकडचे थोडे लिहिते. गोदातीर काकांनी भरती-ओहोटीचा हिशेब अगदी बिनचूक मांडला आहे, पण तो मुंबई-अलिबागच्या बाजूचा आहे. आमच्या दक्षिण कोकणात भरती थोडी आधी येते आणि पाण्याचा चढउतारही तिकडच्यापेक्षा बराच कमी असतो.

मांजराकाठ भाऊ, तुम्ही सिंधुदुर्ग किल्ल्याचा विचार करावा, असे मला मनापासून वाटते. मालवणच्या धक्क्यावरून होडीने दहा-पंधरा मिनिटांत कुरटे बेटावर पोचता येते. १६६४ मध्ये महाराजांनी समोरच्या मोरयाच्या धोंड्यापाशी पूजा करून कामाला आरंभ केला आणि १६६७ पर्यंत किल्ला उभा राहिला. सुमारे अठ्ठेचाळीस एकरांच्या बेटाला तटाची नागमोडी कड आहे. दरवाजा असा वळणात लपवलेला आहे की होडी अगदी जवळ जाईपर्यंत तो दिसत नाही. मुलांना आधी सांगू नका, होडीतूनच शोधायला लावा. आत राजाराम महाराजांनी बांधलेले शिवराजेश्वराचे मंदिर आहे. चुन्यात उमटलेले महाराजांच्या हाताचे आणि पायाचे ठसे दाखवतात, ते पाहताना आमच्या सासूबाईंनी दोन्ही हात जोडले होते.

पण लातूरच्या माणसाने तेथे पाहण्यासारखी खरी गोष्ट म्हणजे तीन विहिरी. दूधबाव, दहीबाव आणि साखरबाव. २०१६ मध्ये ज्या शहराला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले, त्या शहराच्या माणसाला चारी बाजूंनी खारा समुद्र असताना मध्ये गोडे पाणी कसे, हा प्रश्न पडल्याशिवाय राहणार नाही. बेटावर पडलेला पाऊस खडकाच्या भेगांत आणि मातीत मुरतो आणि गोडे पाणी खाऱ्यापेक्षा हलके असल्यामुळे वरच्या थरात टिकून राहते. उपसा बेताचा असला तरच हे टिकते, भसाभस उपसले तर खालचे खारे पाणी वर येते. बोअरवेलवर बोअरवेल मारणाऱ्या आपल्या गावांना हे वेगळे समजावून सांगायला नको.

आता तारखांविषयी. पावसाळ्याच्या तोंडावर समुद्र खवळू लागतो, म्हणून साधारणपणे २६ मेपासून ३१ ऑगस्टपर्यंत प्रवासी होड्या आणि पाण्यातले खेळ बंद ठेवले जातात. मासेमारीची बंदी त्यानंतर, १ जूनपासून ३१ जुलैपर्यंत. म्हणजे पंचवीस मेच्या पुढे तुम्ही आलात तर किल्ला किनाऱ्यावरूनच पाहावा लागेल, आणि आईंना तेवढ्यासाठी इतक्या लांब आणणे बरे नाही. शनिवार-रविवार टाळा. मेमध्ये या दोन दिवसांत धक्क्यावर होडीची रांग उन्हात उभी असते. सकाळची पहिली-दुसरी होडी गाठावी. त्या वेळी वारा पडलेला असतो आणि होडी कमी हलते.

बिंदुसरा

मालवण चांगलेच आहे, पण रस्त्याचे काय? बीडहून आम्ही गेलो तेव्हा घाटात मुलांना उलट्या झाल्या आणि पहिला दिवस त्यातच गेला. त्यापेक्षा मुरूडचा जंजिरा पाहावा, असे मला वाटते.

गोदातीर

बिंदुसरा, जंजिऱ्याबद्दल आदर राखून सांगतो की गुडघे दुखणाऱ्या माणसाला तेथे नेऊ नये. राजपुरीहून जाणारी शिडाची होडी किल्ल्याच्या दरवाजाशी हेलकावत उभी राहते आणि लाट वर आलेल्या क्षणी पायरीवर उडी टाकल्यासारखे उतरावे लागते. नावाडी हात देतात, तरुणांना त्यात मौजही वाटते, पण एका हातात काठी असलेल्या बाईला ते जमण्यासारखे नाही. आणि राहता तर तेथेही येत नाही.

माहेर_मालवण

रस्त्याविषयी बिंदुसरा दादांचा मुद्दा बरोबर आहे, पण लातूरकरांची वाट बीडच्या वाटेपेक्षा सोपी आहे. रत्नागिरी–नागपूर महामार्ग लातूरच्या दारावरूनच जातो. औसा, तुळजापूर, सोलापूर, सांगोला, मिरज असे करत तुम्ही सरळ कोल्हापुरात उतरता. तुळजाभवानीचे दर्शन घेऊन निघा आणि संध्याकाळी अंबाबाईच्या दर्शनाला कोल्हापुरात थांबा. पहिला मुक्काम तेथे केला की दुसऱ्या दिवशी ताजेतवाने होऊन घाट उतरता येतो. घाटाचे पर्याय तीन आहेत. गगनबावड्याहून करूळ किंवा भुईबावडा, नाहीतर राधानगरी-दाजीपूरवरून फोंडा घाट. कोणत्या घाटात काम चालू आहे, याची कोल्हापुरातच आदल्या रात्री चौकशी करा. घाट उतरताना मुलांना मोबाइल पाहू देऊ नका आणि पोटात फक्त कोरडे काहीतरी असू द्या. आमच्या धाराशिवकडचे धपाटे आणि शेंगदाण्याची चटणी याहून चांगला शिधा मला तरी ठाऊक नाही.

आणखी एक, आणि ही गोष्ट आपल्याकडच्या लोकांना कोणी आधी सांगत नाही. खोली ठरवताना "कूलर आहे" असे सांगितले तर भुलू नका. लातूरला पारा चाळिशीच्या वर जातो, पण हवा कोरडी असते, त्यामुळे वाळ्याच्या ताट्यांतून पाणी उडते आणि खोली थंड होते. मालवणला पारा पस्तिशीच्या आतबाहेरच राहतो, पण हवेत आधीच इतका ओलावा असतो की कूलर फक्त दमटपणा वाढवतो, गादीसुद्धा ओलसर लागते. एक तर वातानुकूलित खोली घ्यावी, नाहीतर कौलारू घर, छताचा पंखा आणि दोन्हीकडून खिडक्या असलेली जागा पाहावी. आईंसाठी सुती साड्या जास्तीच्या ठेवा. घाम वाळत नाही, म्हणून दिवसातून दोनदा कपडे बदलावे लागतात.

मांजराकाठ

कूलरची गोष्ट वाचून पत्नीने माझ्याकडे ज्या नजरेने पाहिले ती येथे लिहीत नाही, कारण "कूलरची सोय" पाहूनच मी एका ठिकाणी बोलणे करत आणले होते. ताई, शाकाहारी जेवणाचे काय? आणि मुले पाण्यात उतरणारच. मोठा मुलगा शेतातल्या विहिरीत पोहायला शिकलेला आहे.

माहेर_मालवण

जेवणाची काळजी सोडा. मालवण म्हणजे फक्त मासे, हा बाहेरच्यांचा समज. सकाळी आंबोळ्या आणि काळ्या वाटाण्याचे सांबारे, घावन आणि नारळाचा रस, उकड्या तांदळाची पेज, दुपारी डाळीची आमटी, भात, फणसाची भाजी आणि सोलकढी, असे घरगुती जेवण देणाऱ्या खानावळी गावात आहेत. फक्त सकाळीच सांगून ठेवावे लागते, ऐन वेळी गेले तर मासेच मिळतात. भाकरी मात्र तांदळाची असेल. ज्वारीशिवाय ज्यांचा घास उतरत नाही त्यांनी पीठ सोबत ठेवावे, खानावळीतल्या बाया हौसेने थापून देतात, पण आमच्यासारखी पातळ त्यांना जमत नाही हे लक्षात घेऊन खावे.

विहिरीत पोहणाऱ्या मुलाविषयी मात्र कडक शब्दांत सांगते. विहिरीचे पाणी एका जागी उभे असते, समुद्राचे पाणी चालते. ओहोटी लागलेली असताना ते माणसाला आत ओढते, आणि पट्टीचा पोहणारासुद्धा सरळ किनाऱ्याच्या दिशेने हात मारत राहिला तर दमून जातो. अशा ओढीत सापडले तर किनाऱ्याला समांतर पोहत ओढीच्या बाहेर यावे आणि मग काठाकडे वळावे, असे आम्हाला लहानपणापासून शिकवलेले आहे. तुमच्या मुलांना हे शिकवण्यापेक्षा गुडघ्याच्या वर पाण्यात जाऊ न देणे बरे. जीवरक्षक असेल त्याच जागी उतरावे, तिन्हीसांजेनंतर नाही, आणि मेच्या उत्तरार्धात वारा वाढला असेल तर मुळीच नाही.

गोदातीर

ताईंच्या मताशी मी पूर्ण सहमत आहे. अलिबागला ओहोटीत जी वाळू मोकळी पडलेली दिसते ती पाहूनच लोक फसतात. पाणी लांब गेले म्हणजे शांत झाले, असा समज करून घेतात.

आता माझे मत. तुमची मंडळी आणि तुमचे दिवस पाहता दोन्ही ठिकाणे जमतील, पण एकच निवडावे. रेल्वे आणि बोट यांची हौस असेल, आणि तिथी जुळत असेल, तर अलिबाग. स्वतःची गाडी, वाटेवरची दोन्ही देवदर्शने आणि निवांतपणा हवा असेल तर मालवण. दोन्ही जोडून "कोकण दर्शन" करू नका. आमच्या शाळेच्या सहली मी तशा हट्टाने काढत असे, मुलांना शेवटी फक्त बसच्या खिडक्या आठवत.

खामनदी

म्हणजे घारापुरी बादच झाली. असो. पण एक माहिती देतो. २०२५ मध्ये मराठ्यांच्या ज्या बारा किल्ल्यांना युनेस्कोने जागतिक वारशाचा मान दिला, त्यांत सिंधुदुर्ग आहे, खांदेरी आणि सुवर्णदुर्ग हे बेटांवरचे किल्लेही आहेत, कुलाबा मात्र नाही. नावलौकिकावर गर्दी वाढते, तेव्हा मालवणला जायचे तर ताईंनी सांगितलेली सकाळची होडी खरोखरच धरावी. आणि किल्ल्यात सावली कमी आहे, टोप्या आणि पाणी बरोबर असू द्या.

मांजराकाठ

सर्वांचे आभार. घरात रात्री बैठक झाली. वडिलांनी तुळजापूर आणि कोल्हापूर ही नावे ऐकताच निकाल दिला, त्यामुळे मालवण ठरले. काकांच्या सांगण्याप्रमाणे या वेळी आधी कॅलेंडर काढले, मेच्या तिसऱ्या आठवड्यातले सोमवार ते शुक्रवार धरले आणि मगच खोलीचे बोललो. जाताना एक मुक्काम कोल्हापुरात, दोन मालवणात, येताना एक मुक्काम पंढरपुरात. मधला पूर्ण दिवस सकाळी किल्ला, दुपारी झोप आणि संध्याकाळी आईसोबत किनारा, याहून जास्त काही ठेवलेले नाही. पहिल्या सकाळी होड्या बंद राहिल्या तर दुसरी सकाळ हाताशी राहील. आईला होडीत बसवताना काय काळजी घ्यावी, तेवढे ताईंनी सांगावे. आणि परतताना हापूस आणायचा आहे, तो एवढ्या प्रवासात गाडीत टिकेल का?

माहेर_मालवण

होडीवाल्यांना तिकीट काढतानाच सांगा की सोबत वयस्कर बाई आहेत, ते मधल्या फळीवर जागा देतात. तेथे हेलकावा कमी लागतो. चढताना आधी तुम्ही होडीत उतरा, मग खालून हात द्या. चप्पल मागे पट्टा असलेली हवी, धक्क्याच्या खालच्या पायऱ्यांवर शेवाळ असते. जीवरक्षक जाकीट घालायला त्या नको म्हणतील, पदर त्याच्यावरून घ्यायला सांगा, म्हणजे हरकत घेणार नाहीत.

आंबा पिकलेला घेऊ नका. कडक, देठाशी थोडा खळगा पडलेला आणि अजून हिरवट असलेला घ्या, पेंढ्यात भरून घ्या, आणि पेटी डिकीत न ठेवता पायांशी ठेवा, कारण सोलापूरच्या पुढे उन्हात बंद डिकीत तो उकडून निघतो. मेच्या तिसऱ्या आठवड्यात हंगाम उतरणीला लागलेला असतो, फळात साका, म्हणजे गरातला पांढरट, खराब भाग, निघण्याची शक्यताही वाढते, म्हणून दोन डझनांपेक्षा जास्त घेऊ नका आणि ओळखीच्या बागायतदाराकडूनच घ्या. निघण्याआधी मला येथेच निरोप ठेवा, माहेरी विचारून सांगते.

दुधनाकाठ

आणि लातूरला परत आल्यावर आपल्या मराठवाडा केशरचीही एक पेटी घ्या, दोन्ही शेजारी ठेवून खा आणि निकाल येथे लिहा. माझे मत मी आताच सांगत नाही, ताई रागावतील.